सूपमध्ये काहीतरी होतं

३ मार्च, दुपारी २.१०
ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये टोमॅटो सूप घेतलं. पाऊण तासात पोटात कळ. पिळा घातल्यासारखी. ओटा पुसायचं फडकं हुंगलं. शी. अठरा वर्षं खानावळींची स्वच्छता तपासतोय, मला वासावरून कळतं.

४ मार्च
कळ आपोआप गेली. म्हणजे विषबाधाच. ही म्हणाली, वजन उतरवायचं ऑपरेशन झालंय, सर्जनला एकदा दाखवा. म्हटलं, त्याला दीड वर्ष झालं. चव्वेचाळीस किलो उतरलो. टाके केव्हाच सुकले.

९ मार्च
पुन्हा कळ. गुडघे-कोपरांवर ओणवं झालं की बरं वाटतं. रेकॉर्ड रूममध्ये तसा होतो. शिपाई आला, फाईल घेऊन गेला. बातमी दोन मजले फिरली.
कॅन्टीनमधून सात नमुने उचलले. कॅन्टीन चालवणाऱ्या काकू म्हणाल्या, साहेब, बाकी सत्तर जण जेवतात, त्यांना कसं काही होत नाही? म्हटलं, त्यांची पोटं निर्ढावलीत.

१३ मार्च
निर्धार. बाहेरचं बंद. घरचं उकडलेलं अंडं, तेही मीच सोलणार.

१४ मार्च
अंड्यानंतर कळ. आमच्या फ्रिजच्या दाराचं रबर काळं पडलंय. बुरशी. इतकी वर्षं मी यातलं खातोय. हिला स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त 'हं' बोलते.

१७ मार्च
लॅबचा रिपोर्ट. सातही नमुने स्वच्छ. लॅबही बरबटलेली दिसते. कॅन्टीन बंदची नोटीस दिली. काकूंनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि गॅस बंद केला.

२० मार्च, सकाळी ११
ओणवं होऊनही थांबत नाही. हिरवी उलटी. शर्टावर. जिन्यापर्यंत

२४ मार्च, हॉस्पिटल
ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, वजन उतरलं तशी पोटातली चरबी वितळली, आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात त्या ऑपरेशनने राहिलेली फट रुंदावली, आणि आतडं तिच्यातून सरकून अडकलं. आतला हर्निया. बाहेरून दिसत नाही. इतके दिवस अडकत होतं आणि आपसूक सुटत होतं; या वेळी सुटलं नाही. आणखी काही तास गेले असते तर आतडं काळं पडून कापावं लागलं असतं. फट शिवलीय.
सूपचा काही हात असेल का, मी विचारलं. सर्जननी हिच्याकडे पाहिलं.
मला इथे आणलं काकूंनी. त्या सामान हलवायला आल्या होत्या, मी जिन्यात पडलेलो. टेम्पोतली पातेली फुटपाथवर उतरवून त्यांनी मला आत घातलं, असं ही सांगते. एकूण सतरा पातेली. त्यातलं एक चोरीला गेलं.

२७ मार्च
उठून बसलो. नोटीस मागे घ्यायचा फॉर्म हिने ऑफिसातून मागवला. 'कारण' या रकान्यात लिहिलं: प्रशासकीय. हिने वाचलं आणि फॉर्म परत माझ्या मांडीवर ठेवला. 'हं'सुद्धा म्हणाली नाही.
खोडलं. लिहिलं: दोष तपासणी अधिकाऱ्याच्या आतड्यात आढळला.