वरचे निखारे

आश्विन शु. ३. लष्कर, मामांकडे

आज पुन्हा ताट बाहेरच्या ओसरीवर. मामी म्हणाली, "आंघोळ करून आला आहे तो, आत बसू द्या नं." मामा म्हणाले, "आंघोळीनं पावभट्टी जाते का?" मामी वाढायला लागली. पोळीवर तूप मात्र रोजच्यापेक्षा जास्त.

जेवण झाल्यावर मामांनी वाईचा निरोप सांगितला. आधी सांगितला नाही, एवढी दया. माझे सासरे म्हणतात, पाव मळणाऱ्याच्या घरी मुलगी नांदायला पाठवणार नाही. मार्गशीर्षापर्यंत भट्टी सोडली तर बघू. मामा म्हणाले, देवळात मुदपाकखान्यात जागा होते आहे, शब्द टाकतो. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

गिरणी मी सोडली. सरदारांच्या पागेतलं काम सोडलं. टांग्यावर बसलो, तेही सोडलं. तेव्हा कुणी सोड म्हणत नव्हतं, उलट शिव्या द्यायचे. ही एक जागा धरली तर सगळे सोड म्हणतात.

शु. ४. मुरार

भट्टीवरच झोपलो. पिठाच्या पोत्यांवर बरं असतं.

य.ची आठवण. बायकोचं नाव लिहीत नाही, य. पुरे. गेल्या गणपतीत वाईला गेलो तेव्हा परसात भेटली, पाच-दहा मिनिटं. म्हणाली, "तुमच्या कपड्यांना कसला वास येतो?" भट्टीचा, म्हटलं. म्हणाली, "गोड आहे." मग नानखटाई म्हणजे काय ते सांगत बसलो. तिनं कधी पाहिलीच नाही. चव सांगता येईना. म्हटलं, तुला खाऊ घालीन.

तेच वेडीनं घरात सांगितलं, यांच्या कपड्यांना गोड वास येतो. मग सासऱ्यांनी खोदून खोदून विचारलं. तोवर त्यांना वाटत होतं मी दरबारात कारकून आहे. मामांनीच तसं कळवलं होतं लग्नाच्या वेळी.

तिचा काय दोष.

शु. ६

मामांकडे शिधा आला. एका तेल्याच्या घरून, काही नवस फिटला त्यांचा. गहू, डाळ, गूळ. मामांनी आपल्या हातानं आत नेला. त्याच माणसाच्या घरचं पाणी घेत नाहीत. कोरडं चालतं, पाणी लागलेलं चालत नाही.

दिवसभर डोक्यात तेच. भट्टीतून पाव काढताना दोनदा हात भाजला.

भाजलेली खटाई पाठवली तर दारातूनच जाईल गटारात. पण कोरडंच पाठवलं तर? पीठ, बेसन, रवा, साखर सगळं बरोबर मापानं मिसळून. पाण्याचा थेंब नाही. तूप तिच्या घरचं, विस्तव तिच्या चुलीचा, हात तिचा. मग माझं काय राहिलं त्यात? अंदाज तेवढा माझा. अंदाजाला विटाळ नाही होत.

भिकूकाका (मामांच्या शेजारचे, आमच्याच गावाकडचे) दिवाळीला वाईला जाणार आहेत. त्यांच्याबरोबर.

शु. ७

करीम उस्तादांना सांगितलं. भट्टी त्यांची. ते ऐकून घेत होते, मग म्हणाले, "मतलब तेरा आटा तो बेगम हो गया भाई. पानी की परछाईं भी न पड़े." सगळे हसले. मीही.

मग म्हणाले, मैदा घेऊ नको, तो कारखान्यात भिजवून दळतात, तुझा ससुर विचारेल. हे माझ्या डोक्यात नव्हतं.

घरी मामीला सगळं बोललो. गहू तिनं जात्यावर दळून दिले. वस्त्रगाळ करून. दळताना म्हणाली, "तुझ्या मामांना सांगू नकोस, मी अनारशाचं म्हणून दळते आहे." साखर गिरणीची चालणार नाही, देशी बुरा आणला, खांडसरीची पिठी. सोडा विलायती, तोही नको. त्याच्या जागी पापडखार. पापडखार सोवळ्यातल्या पापडात चालतो, मग यातही चालेल.

विजयादशमी

सगळे महाराजांची सवारी बघायला गेले. हत्ती, बँड, सगळं. लांबून ढोल ऐकू येत होते. मी भट्टी रिकामी मिळाली म्हणून राहिलो.

पहिला घाणा: पिवळा, खारट. उस्ताद सवारी बघून आले, एक तोंडात टाकली आणि म्हणाले, "ये खटाई नहीं, सज़ा है." पापडखार जास्त झाला.

दुसरा घाणा पसरला. तिसरा ठीक. वर भेगा पडल्या तशाच, जशा पडायला हव्यात. उस्तादांनी दोन खाल्ल्या आणि काही बोलले नाहीत. म्हणजे जमलं.

शु. १२

वाईला भट्टी कुठली असणार. आज मामीच्या परसात चूल मांडून पाहिलं. पातेल्यात वाळू, वाळूवर ताटली, तिच्यावर खटाया, वर परात, परातीत निखारे. खालचा विस्तव मंद हवा, वरचे निखारे जास्त. नाहीतर खालून करपते आणि वरून कच्ची राहते.

मामीनं एक खाल्ली. इकडेतिकडे बघून. म्हणाली, "तोंडात ठेवली की जाते रे. चावायला काही राहतच नाही."

कोजागरी

बरणी भरली. छावणीतल्या साहेबांच्या मेसच्या खानसाम्याकडून काचेची मिळाली, आम्ही तिथे पाव देतो नं. जाड काच, पत्र्याचं फिरकीचं झाकण. राखेनं घासली, उकळत्या पाण्यात घातली, तीन दिवस उन्हात ठेवली. बुडाला उठावाची नक्षी आहे, अक्षरांसारखी. छान दिसते.

मामी म्हणाली, "माझी चिनी मातीची ने की, लोणच्याची एक रिकामी आहे." नको म्हटलं. तिच्यातून दिसत नाही.

सगळं मिसळून भरणार होतो. मग वाटलं, थर लावावे. खाली पांढरं पीठ, मग बेसन पिवळं, मग रवा, मग बुरा, सगळ्यात वर वेलची कुटून, जायफळ थोडं. थर चमच्यानं दाबून दाबून बसवले, हलले नाही पाहिजेत. बाहेरून बघितलं तर साडीच्या काठासारखं. ती उघडायच्या आधी बघेल. उघडून परातीत ओतलं की सगळं एक होईल, पण आधी बघेल.

मामीसाठीही एक भरली, छोटी. ती म्हणाली, "मला कशाला?" आणि देवघराच्या मागे ठेवली.

व. ५

भिकूकाका गेले. ठेसनवर पोचवलं. बरणी धोतरात गुंडाळून त्यांच्या वळकटीत.

कृती तीनदा म्हणून घेतली. तूप थिजलेलं घ्यायचं, पातळ नाही. पाणी अजिबात नाही. भाजून झाल्यावर गरम असताना मऊ लागतात, घाबरायचं नाही, गार झाल्या की धरतात. काका म्हणाले, "अरे मी काय स्वयंपाकीण आहे?" पण म्हटलं त्यांनी सगळं, डोळे मिटून, मंत्र म्हणतात तसं.

गाडी सुटल्यावर उगाच फलाटाच्या टोकापर्यंत गेलो.

व. १४, नरक चतुर्दशी

पहाटे आंघोळ मामीकडे. फराळ ओसरीवर. लाडू, चकली, सगळं होतं.

आज केली असेल का. का उद्या.

कार्तिक शु. १, पाडवा

भट्टी चालू. छावणीला पाव लागतोच, त्यांना कुठली दिवाळी.

मामांना मामीनं ओवाळलं. मी दारात होतो. मामीनं ताम्हण घेऊन माझ्याकडे बघितलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं. उद्या भाऊबीज, बहीण मला नाही. मग मुरारला निघून आलो.

उस्तादांनी विचारलं, "क्या हुआ?" म्हटलं, कुछ नहीं. त्यांनी मोठा गोळा पुढ्यात टाकला. मळत बसलो.

शु. १२, तुळशीचं लग्न

मामांनी देवळात शब्द टाकला आहे. मार्गशीर्षात जागा. म्हणाले, "आता तरी टिकून राहा." मी म्हटलं, टिकलोच आहे की, दोन वर्षं होतील. "तिथे नाही रे," म्हणाले.

काका अजून आले नाहीत.

व. ३

काका आले.

सगळं जसं म्हणाले तसं लिहितो.

ओसरीवर बसले. सासऱ्यांना एका कानानं ऐकू येत नाही, म्हणून काकांनी कृती ओरडून सांगितली. "अख्ख्या आळीला पाठ झाली असेल," म्हणाले. सासऱ्यांनी सगळं विचारलं. गहू कुणी दळले, साखर कुठली, सोडा कसला. काकांनी सगळ्याची उत्तरं दिली. सासरे म्हणाले, बरं. खरंच बरं म्हणाले.

मग बरणी उचलली, उजेडात धरली. थर बघत असतील असं काकांना वाटलं. त्यांनी ती उलटी केली आणि चष्मा लावून बूड वाचलं. ते कचेरीत होते, इंग्रजी येतं त्यांना. म्हणाले, "ही साहेबाच्या मुरब्ब्याची बरणी. मेसमधली. काचेत जे मुरलं ते राखेनं निघतं होय?" आत नेऊ दिली नाही. परसात गोठ्याच्या भिंतीवर ठेवायला लावली.

नक्षी समजलो मी.

निघताना सासऱ्यांनी स्वतः बरणी आणून दिली. घासलेली. रिकामी. काका म्हणाले, "काही घाला तिच्यात, साखरेचे चार दाणे तरी." सासरे म्हणाले, "रिकामीच न्या. काय ते त्याला कळेल."

कळलं. आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी वाईला असताना वाटीभर ताक नेलं तर वाटीत मीठ घालून परत करायचे लोक.

तिला पाहिलं का, विचारलं. "घरात होती. बाहेर आली नाही."

मग मी विचारलं, काका, वरच्या निखाऱ्यांचं सांगितलंत? का विचारलं कोण जाणे. काका आठवत बसले. म्हणाले, "ते राहिलं बहुतेक. वाळूचं सांगितलं, परात झाकायचं सांगितलं. निखारे... नाही, ते राहिलंच." वाईट वाटलं त्यांना. म्हटलं, असू द्या, आता काय फरक पडतो. गाईला घातलं असेल ते.

व. ४

कामावर गेलो नाही.

व. ६

मामी म्हणाली, "मी म्हटलं होतं नं, माझी ने." रागानं नाही म्हणाली. मग म्हणाली, "दिसावं म्हणून केलंस. मला मालूम आहे."

तेवढ्यासाठीच. सगळं निभावलं होतं, गहू, साखर, खार. दिसावं म्हणून काच घेतली आणि काचेनंच घालवलं.

मामांना सांगितलं, देवळात येतो. ते खूष. म्हणाले, पहिल्या पंधरवड्यात लाग.

व. ९. मुरार

उस्तादांना सांगायला गेलो होतो. बरणी बरोबर नेली, खानसाम्याला परत देऊन टाकावी, डोळ्यांसमोर नको.

उस्ताद ऐकून म्हणाले, "ठीक है. बाप है वो." बस. मग बरणी हातात घेतली, सवयीनं झाकण उघडलं आणि त्याच्या आतून बोट फिरवलं. बोट माझ्या नाकाशी धरलं. "घी."

मी म्हटलं, नाही, मी तूप घातलंच नव्हतं. कोरडं होतं सगळं.

"वही तो कह रहा हूँ."

झाकणाच्या आतल्या दुमडीत थिजलेलं तूप. घासणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही. कोरड्या पिठाला तूप कुठून? तूप घालून भाजल्या, आणि गार झाल्यावर ह्याच बरणीत ठेवल्या, तरच लागेल.

उजेडात नेऊन बघितलं. फिरकीच्या आट्यात एक कण अडकला होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा. सुईनं काढला. एका बाजूनं काळा. दुसऱ्या बाजूनं पांढरट, कच्चा.

उस्ताद म्हणाले, "नीचे आग तेज़, ऊपर कुछ नहीं."

काकांनी जसं सांगितलं, तसंच. अक्षरशः तसंच केलं आहे कुणीतरी.

व. ११

कुणीतरी. सासू असेल. गडीमाणूस असेल, गोठ्यातून उचलून नेलं असेल. पण गडीमाणसाकडे तूप कुठलं. आणि बरणीत परत कशाला ठेवील.

सारखं एकच दिसतं. भिंतीवरून उतरवली. दुपारी, सगळे झोपलेले. थर बघितले का ओतायच्या आधी.

आणि करपली तेव्हा तिला वाटलं असेल, आपलंच चुकलं. किंवा वाटलं असेल, हीच का ती, एवढं सांगत होते ती. कडू खाल्ली असेल. तिला चव तीच माहीत आता.

हे जास्त लागतं. रिकाम्या बरणीपेक्षा.

मार्गशीर्ष शु. ४

मामा विचारतात, कधी लागतोस. दोन दिवस द्या म्हटलं. काल भट्टीवर जाऊन आलो, नुसता. उस्तादांनी पुढ्यात गोळा टाकला. मळला.

देवळात गेलो तर ती येईल, असं सासऱ्यांनी काकांना पुन्हा सांगितलेलं नाही. रिकामी बरणी दिली, एवढंच. दोन्ही धरून बसलो आहे, दोन्ही सुटतील.

शु. ५

भिकूकाका भेटले बाड्यावर, बाजारच्या चौकात. पुन्हा कधी जाणार, विचारलं. म्हणाले, चैत्रात. "आणि या वेळी काच नको बाबा." निखाऱ्यांचं त्यांना आत्ताच तीनदा म्हणायला लावलं. लोक बघत होते.

तो कण कागदात ठेवला होता, मुंग्यांनी नेला.

संध्याकाळी मामीकडे. मामा देवळात. मी ओसरीवरूनच म्हटलं, ती तुमची चिनी मातीची बरणी, लोणच्याची, अजून रिकामी आहे का.

मामी आतून म्हणाली, "कुठली रिकामी. आवळा घातला तिच्यात परवाच."

मी उठलो, चपला घातल्या.

मग म्हणाली, "चैत्रापर्यंत संपेल."