मनोऱ्यावर मोठ्यानं

तंजावूर,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय विनुताअक्का,

वसुमतीचा नमस्कार. पुण्याची थंडी ओसरली असेल. इथं ती पडलीच नाही, तरी वरच्या मजल्यावरची भुवना कानटोपी घालून हिंडते. माझं उत्तम चाललंय. गुडघाही कुरकुरत नाही.

काल आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींची सहल समुद्राकडच्या अभयारण्यात गेली होती. वनखात्यानं पायवाट छान आखलीय, मधे लाकडी मनोरा आहे. वर चढलं की नुसता गवताळ माळ आणि काळविटांचा कळप. बाकीचे जोडीजोडीनं फोटो काढत होते. मी लिंबूभाताचा डबा आणि ह्यांची दुर्बीण धरून उभी. हे असते तर ती काही माझ्या हाती आली नसती.

आपली खोड तुला ठाऊकच आहे. चारचौघांत मनातलं बोलायचं तर मराठीत, तमिळ मुलखात कोणाला कळतंय! लग्नांत आपण दोघींनी किती जणींच्या साड्यांना नावं ठेवली असतील. तीच खोड काल नडली. कळपापासून लांब एक म्हातारा काळवीट उभा होता. त्याच्याकडे बघून मी मोठ्यानं म्हणाले, "तुला तुझी माणसं दिसतात तरी रे. मज घरी बोलाला कोणी नाही. अक्का बोलावते, मी उगा मोठेपणा करते."

मागं आमच्यातलीच एक कॉलेजची मुलगी होती, पापनाशमची साईप्रिया. मला आजी करून टाकत तमिळमध्ये म्हणाली, "पाट्टी, आमच्या घरीपण मराठीच. मला बोलता येत नाही, पण सगळं कळतं." मग माझा हात धरला तो खाली उतरेपर्यंत सोडला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगू, बरंही वाटलं.

परक्या पोरीला कळलं आणि तुला नाही, हे काही बरं नव्हे. वर "उत्तम" लिहिलंय ते सवयीनं. घर खायला उठतं, अक्का. दिवसभर तमिळ बोलते, आणि दिवे लागले की ह्यांच्या फोटोशी मराठी.

पुण्याला येऊन राहा म्हणालीस, तेव्हा मी नाही म्हणाले. आता पुन्हा एकदा विचारून बघ. मी पुन्हा म्हणेन, "नको गं, तुला कशाला त्रास." पहिल्याच बोलावण्याला हो म्हणायचं आपल्या घरात वळणच नाही. तेव्हा फोन ठेवू नकोस.

तुझीच,
माळ्यावरची प्रवासाची पेटी खाली काढून बसलेली
वसू