गुरुवारचा डग्गा

२७ जून, गुरुवार
चाकणच्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून योगेशचा तबल्याचा क्लास गुरुवारी संध्याकाळी, व्हिडिओवर. पिंपळे सौदागरला माझ्या घरी ये म्हणून तीन वर्षं घसा कोरडा केला. उत्तर ठरलेलं, "ट्रॅफिक लई हाय ताई."
आज त्याने नवा माइक लावला. फोनमधलं आवाज 'स्वच्छ' करणारं सेटिंगही मी बंद करायला लावलं. ते मेलं डग्ग्याला पंख्याची घरघर समजून गिळायचं. आणि त्याचा डग्गा आला! गोल, भरीव. मला इतका आनंद झाला.
मग समेवर येताना तळहाताची एक लांब घसट. डौलात. ती मी शिकवलेली नाही.
"हे कुठून आणलंस?"
"यूट्यूबवर बघितलं ताई."
बरं म्हटलं.

२८ जून, शुक्र.
झोप नाही. ती घसट विलासची आहे. आम्ही दोघं अण्णांकडे एकत्र शिकलो. अण्णा त्याला ओरडायचे, "डग्गा वाजव, इस्त्री करू नकोस!" विलास आता रावेतला शिकवतो, कुणाला व्हिडिओ काढू देत नाही. मग यूट्यूब कुठलं?
शेवटी फोन केला. म्हणाला, "योगेश ना? गुणी पोरगा. वर्ष झालं, दर गुरुवारी सकाळी येतो. तुला सांगूनच येतो म्हणाला."
मी म्हटलं, हो हो, माहीत आहे. का म्हटलं? त्याची लाज राखायला की माझी?

३० जून, रवि.
सकाळी रावेत, संध्याकाळी मी. रावेतच्या रस्त्याला ट्रॅफिक नसतं वाटतं!
केसाने गळा कापला कार्ट्याने.
सुधीर म्हणतो, "अगं, क्रिकेटमध्ये दोन-दोन कोच असतात." नवरा आहे म्हणून ऐकून घेतलं.
अण्णांनी एक गत, त्यांची खास बंदिश, मला एकटीला दिली, गुडघ्याला गुडघा लावून बसवून. विलासला नाही दिली. म्हणाले होते, तूही एकालाच दे. या गुरुपौर्णिमेला यो.ला गंडा बांधून ती द्यायची होती. लाल दोरा आणून देवापाशी ठेवलाय. आता दिली तर पुढच्या गुरुवारी सकाळी ती रावेतला वाजेल. नाही दिली तर माझ्याबरोबरच...

४ जुलै, गुरु.
सरळ विचारलं. त्याने माइक उगाच सरळ केला.
"सांगणारच हुतो ताई. तुमी रागवताल म्हणून..."
"आता नाही का रागावले?"
खाली बघत म्हणाला, "खरं सांगू का? तीन वर्षांत तुमचा डग्गा मला एकदाबी ऐकू आला न्हाई. हात हालताना दिसायचा नुसता. मला वाटायचं, मलाच कळंना झालंय."
क्लास लवकर संपवला. लॅपटॉप बघितला. योगेशचं सेटिंग बंद करायला लावलं मी, आणि माझं चालूच. पहिल्या दिवसापासून.
असू दे. पण तोंड होतं ना त्याला? ताई, ऐकू येत नाही, एवढं म्हणायला काय झालं होतं? विलासला गाठायला बरं सुचलं. रडू आलं. सुधीरला सांगितलं, कांदा चिरतेय.

११ जुलै, गुरु.
मेसेज : आज ओव्हरटाइम लागलाय ताई.
खरं असेल. आता प्रत्येक वाक्यापुढे हे 'असेल' आलंय.

१८ जुलै, गुरु.
क्लास झाला. माझं सेटिंग बंद केलं होतं. मी डग्ग्यावर नुसती थाप दिली तर तो कान पुढे करून ऐकत राहिला. बघवेना.
म्हटलं, "रविवारी गुरुपौर्णिमा. सकाळी घरी ये."
"सुट्टी टाकलीय ताई."
कुणासाठी, ते मी विचारलं नाही. विलासकडेही गुरुपौर्णिमा सकाळीच असते.

२१ जुलै, रवि. गुरुपौर्णिमा
अण्णांच्या फोटोला हार घातला. सोसायटीतली पोरं येऊन पाया पडून, पेढे खाऊन गेली. तबल्याच्या दोन जोड्या समोरासमोर मांडल्यात. सुधीर दोनदा विचारून गेला, जेवायचं का.
आत्ता यो.चा मेसेज : निघालोय ताई. पण ट्रॅफिक लई हाय.
कुठे निघालाय, ते लिहिलेलं नाही.
डग्गा सुरात लावून बसलेय. दोरा देवापाशीच आहे.