सुर्ल्याचा ट्रक आणि केरीची मुलगी

टीचर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कन्स्ट्रक्टर शिकवायचा दिवस आला की माझं डोकं सकाळपासूनच फिरलेलं असतं. वर्गातल्या मुलांना काय माहीत! मी फळ्यावर लिहिते की क्लास म्हणजे नुसता आराखडा, त्यावरून खरी वस्तू घडली की ती ऑब्जेक्ट, आणि ती घडते त्याच क्षणी जे फंक्शन आपोआप चालतं, क्लासचंच नाव लावतं, तिला पहिल्या किमती देतं आणि स्वतः परत काही देत नाही, तो कन्स्ट्रक्टर. हात लिहीत असतो आणि डोळ्यांपुढे तुमच्या डिचोलीच्या घरातली बाहेरची, शिकवणीची खोली असते, तिथले दोन कॉम्प्युटर, आणि खुर्चीला खुर्ची लावून बसलेली ती केरीची मुलगी. तिचं नाव मी आजही सहजासहजी घेत नाही.

गोवा घटकराज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. कोकणी की मराठी हा वाद सुर्ल्याच्या चहाच्या दुकानात अजून रोज गरम व्हायचा. तुमच्याकडे तो प्रश्नच नव्हता. तुम्ही कोकणीत सुरू केलेलं वाक्य मराठीत संपवायचात आणि मधे इंग्रजीची फोडणी. माझे बाबा सिंधुदुर्गातून खाणीवर आलेले, खनिजाचा ट्रक चालवायचे, आणि आम्ही सुर्ल्यात भाड्याच्या खोलीत राहायचो. ती पेडण्याकडच्या केरीची, घरचं भाट म्हणजे बागायत, घरचे माड, शिकायला डिचोलीत मामाकडे राहिलेली. मुरगावच्या एका शिपिंग ऑफिसने तुमच्याकडे प्रोग्रामिंग येणारी एक मुलगी मागितली होती. एकच. हे आम्हा दोघींना माहीत होतं आणि आम्ही दोघी ते माहीत नसल्यासारखं वागत होतो. अशात तुम्ही खाणीच्या ट्रकांच्या खेपा मोजणारा प्रोग्राम लिहायला सांगितलात. मला वाटलं, आता हिला दाखवते. ट्रक म्हणजे माझ्या घरातला विषय.

आणि तिथेच मी माती खाल्ली. सुर्ल्यात ट्रक लायनीत लागला तरी मुकादम हाक मारेपर्यंत त्याची गणती सुरू होत नाही. मी तसंच लिहिलं. खेपा शून्यावर आणणारं वेगळं फंक्शन केलं, म्हणजे वेळ आली की हाक मारायची, आणि नेमकी हाकच मारायला विसरले. जागेवरून न हललेल्या ट्रकने पडद्यावर हजारो खेपा दाखवल्या, कारण मेमरीत आधीचा जो कचरा पडला होता तोच आकडा होऊन वर आला. पोरं हसली. तिने मात्र कन्स्ट्रक्टर लिहिला होता आणि तिचा ट्रक शून्यावर शहाण्यासारखा उभा होता. तुम्ही माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणालात, "ट्रक जल्मलो म्हणटकच ताचो कांटो शून्यार आसूंक जाय गो. मुकादम उलो मारतलो म्हणून रावपाचें न्हय. चवथीक गणपती पाटार बसता तेन्ना माटोळी वयर आसताच मगो?" म्हणजे जन्मतःच काटा शून्यावर, मुकादमाच्या हाकेची वाट बघायची नाही.

तिने लगेच मान डोलावली. डोलावणारच. गणपतीच्या डोक्यावर आधीच बांधलेली, फळं-भाज्या टांगलेली ती माटोळी तिच्या घरी ती स्वतः बांधू लागायची. आमचा गणपती सिंधुदुर्गात काकांकडे, आणि बाबांना सुट्टी मिळून आम्ही पोचेपर्यंत सगळं बांधून झालेलं असायचं. तुम्ही उदाहरणसुद्धा तिच्या घरातलं दिलंत, हे मला फार लागलं. पुढे तुम्ही शिकवलंत की कन्स्ट्रक्टरला बाहेरून किमती देता येतात, जशा देऊ तशी वस्तू भरून जन्माला येते. मी कसलं ऐकते! ही अशीच जन्मली, असं मनात चाललेलं. घर, माड, मामा, आणि आता टीचरही. तुमच्या स्वयंपाकघरात चहाबरोबर उंडे कापायला तुम्ही तिलाच सांगायचात. टीचर, मी पावावरूनसुद्धा जळले आहे.

मुरगावला तुम्ही तिला पाठवलंत. मुलाखतीसाठी स्वतःची निळी साडी दिलीत आणि वर मला म्हणालात, जरा इस्त्री कर. मी केली. निखाऱ्यांची ती जड इस्त्री पदरावर थोडी जास्त वेळ ठेवायची इच्छा इतकी अनावर झाली, की शेवटी मी खिडकीकडे बघत काम उरकलं. साडी घडी करून दिली तेव्हा माझा चेहरा तुम्ही पाहिला असणार. तुम्ही हळूच म्हणालात, "तिका वचूं दी मुरगावां. तूं हांगा रावलें जाल्यार म्हाका बरें." मी इथे राहिले तर तुम्हाला बरं, म्हणून पुढच्या महिन्यापासून संध्याकाळची बॅच शिकवायला माझी झाली, आणि मग तुम्ही असेपर्यंत माझीच राहिली. मला ती उरलंसुरलं ताटात वाढल्यासारखी वाटायची. तुमच्या शेवटच्या आजारात ती मुरगावहून आली की तुम्ही उठून बसायचात. मी तर रोज तिथेच असायचे, माझ्यासाठी कोण कशाला उठून बसेल?

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. तुमच्याबद्दल दोघींनी काहीतरी लिहूया म्हणाली, आणि यंदा चवथीला तुमच्या घरी बसून एकमेकींना वाचून दाखवूया. मग म्हणाली, "टीचरनी तुला ठेवून घेतलं आणि मला धाडून दिलं, त्या दिवशी मी बसमध्ये रडले होते." हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं, टीचर, इतकं बरं की दिवसभर काम सुचेना. मी तिला हो म्हणाले आणि लिहायला बसले, ते हे असं झालं. तुम्हाला धाडायला पत्ता नाही. तिचा आहे, पण तिलाही धाडणार नाही, आणि चवथीला काहीतरी निमित्त काढून घरीच राहीन. तिच्या वाट्याला आलेल्या टीचर मला ऐकायच्याच नाहीत.