सुई टोचताना बोलणारी

१२ नोव्हेंबर
पोहोचले! नर्सची नवी नोकरी, दक्षिणेतल्या बारी शहराच्या समुद्रकाठावरून थेट आल्प्सच्या पायथ्याशी. खोलीतून बर्फाची शिखरं दिसतात. मोठ्या सिस्टर डोमितिल्ला यांनी मधातले चेस्टनट खाऊ घातले आणि विचारलं, एवढ्या स्वेटरांच्या आत कुणी आहे की नाही? आमचा विभाग अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा, काचेच्या सहा पेट्या. टाचेतून रक्त घेताना आईनं पेटीशी बसून बोलत राहायचं, ही इथली पद्धत. बाळाला खरंच कमी दुखतं.

१५ नोव्हेंबर
लाउरो दिवस भरायच्या सात आठवडे आधी जन्मलाय. टाच माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. दहा वाजता त्याची आई आली. तपकिरी लोकरी शाल, खालचा आवाज, डोंगरातली बोली. मला अक्षरही कळलं नाही, पण सुई टोचली तरी पोराच्या कपाळावर आठी नाही! आनंदानं घरी फोन केला.

१८ नोव्हेंबर
रोज येते. माझ्याकडे बघतही नाही. आज टाचेतून पुरेसं रक्त येईना, चारदा टोचलं. लाउरो शांत. इतका शांत, की मीच त्याला हलवून पाहिलं.

२० नोव्हेंबर
डोमितिल्लांपाशी तिचं कौतुक केलं, तर त्या बघतच राहिल्या. लाउरोची आई नीवेस बाळंतपणापासून वरच्या मजल्यावर बेशुद्ध होती. कालच शुद्धीवर आली.
"अगं, पेटीपाशी तू एकटीच तर बोलत असतेस! आणि आमची बोली कुठं शिकलीस गं? तीही माझ्या आजीच्या वेळची?"
मी काय बोलते, ते विचारलं. त्यांचं हसू मावळलं. म्हणाल्या, 'दुखतंय ते सगळं मला दे, बाळा. श्वाससुद्धा.'

२१ नोव्हेंबर
नीवेसला चाकाच्या खुर्चीतून आणलं. ती बोलायला लागली आणि लाउरो किंचाळला. मग एकदम गप्प. निळा. यंत्रावरचे आकडे घसरले. नीवेस माझ्याकडे बघून ओरडली, हिला गप्प करा! मी माझ्याच तोंडावर हात दाबला — तळव्याखाली ओठ हलतच होते.
मला बाहेर ओढलं. काचेतून पाहिलं. डॉक्टर फुग्यानं श्वास देत होते आणि नीवेस थांबत नव्हती. घसा फाटेपर्यंत — लाउरो, सोन्या, मी आहे रे, रड, रड की!
रडला. भिंती हादरतील असा.

२२ नोव्हेंबर
मला सुट्टीवर पाठवलंय. डोमितिल्लांचा फोन आला. आज सुई टोचल्यावर लाउरोनं विभाग डोक्यावर घेतला, मग आईच्या आवाजानं निवला. पेटीपाशी आता दुसरा आवाज नाही —
इथे आहे.

२३ नोव्हेंबर
बोली आता कळते. गोड बोलते. राणी म्हणते —
कॉफीसाठी गॅस पेटवला होता. डावा हात ज्योतीवर — कधीपासून? कातडी जळल्याचा वास — दुखत नाही — अजिबात —
रडायला हवं. नीवेसनं सांगितलं तसं रडायला — येत नाही —
हात उचलतच ना — झालं हं राणी, म्हणते, झालंच, आता एकदा श्वा