वेगळा डबा

विश्रांतवाडी, ९ जानेवारी

चि. पूर्वास,
सप्रेम जयभीम, वर आत्याचे आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून डब्यात पत्र घालते. तुझे पप्पा खडकीला कामावर जाताना हॉस्टेलवर देतील. आठवडाभर डबा जसाच्या तसा परत येतोय. मेथीसुद्धा? येरझाऱ्या घालून माझे पाय दुखायला लागले. नर्सबाई, कुणी मुलगा असेल तर सांग. जात विचारणार नाही. जेवतो किती, ते विचारीन.

लोभ असावा, भूकही असावी.
ललिताआत्या


हॉस्टेल, १० जानेवारी

आदरणीय आत्यास,
सविनय जयभीम.

मुलगा नाही गं. आठवड्यापूर्वी वॉर्डात बोटात सुई घुसली. वापरलेल्या सुईला परत टोपण लावू नका, हे नव्या मुलींना मीच बजावते. त्या दिवशी सुया टाकायचा डबा काठोकाठ भरलेला, पेशंटचे नातेवाईक अंगावर आलेले. उघडी सुई कुठे ठेवू, म्हणून टोपण लावायला गेले. पेशंट एचआयव्हीचा. लगेच हात धुतला, इनचार्ज सिस्टरना सांगितलं, लागण होऊ नये म्हणून तासाभरात गोळ्या सुरू झाल्या. महिनाभर घ्यायच्यात. त्या गोळ्यांनी इतकं मळमळतं की सोडून द्याव्याशा वाटतात. डॉक्टर म्हणतात, धोका थोडा आहे. ‘थोडा’ मीही पेशंटना सांगत आले. आता तो शब्द पुरत नाही.

माझा डबा, चमचा वेगळा ठेव. पप्पांना सांगू नकोस.

माया पातळ करू नकोस.
पूर्वा


विश्रांतवाडी, ११ जानेवारी

चि. पूर्वास,
जयभीम.

पत्र वाचून ओट्याला टेकूनच बसले. घाबरले, खोटं कशाला सांगू. मग तुझा डबा उघडला आणि तुझ्याच चमच्याने परत आलेली भाजी खाल्ली. रागाने खाल्ली. एका ताटात जेवल्याने हा आजार होत नाही, हे विहारात बायकांपुढे उभं राहून कोण सांगत होतं?

माझ्या आजीला गावात चहा मिळायचा तो गोठ्याच्या कोनाड्यातल्या फुटक्या कपात. पिऊन तिनेच धुवायचा, तिथेच ठेवायचा. वेगळं भांडं आपल्या घरात पुन्हा यायचं नाही, बाळा. तू आणलंस तरी नाही.

मळमळीचं डॉक्टरांना सांग. गोळी सोडलीस तर हॉस्टेलच्या दारात चटई टाकून बसेन. सोबत मऊ भात आहे.

लोभ मागू नकोस, तो तुझाच आहे.
आत्या


हॉस्टेल, १३ जानेवारी

प्रिय आत्यास,
जयभीम.

मळमळीवर औषध मिळालं. आजची गोळी पोटात राहिली, भात अर्धा संपला. सुयांचा डबा भरायच्या आधीच बदलायचा, यावरून काल वॉर्डात भांडले. तपासण्या अजून बाकी आहेत; फोन वाजला की आधी हॉस्पिटलचा नंबर आहे का ते बघते.

रविवारी घरी येते. माझं ताट मांडू नकोस. लहानपणी बसायचे तशी पप्पांच्या ताटात जेवायला बसेन. आधी सगळं सांगेन. मग पहिला घास त्यांनी भरवायचा.

तुझीच,
पूर्वा