वाटाड्या कुत्रीच्या मृत्यूच्या नोंदीतील नाव बदलण्याबाबत

प्रति,
मा. पशुआरोग्य अधिकारी,
पशुआरोग्य कार्यालय,
नोंदणी शाखा, दुसरा मजला.

विषय : वाटाड्या कुत्रीच्या मृत्यूच्या नोंदीत ‘कारणीभूत व्यक्ती’ या रकान्यात मालकाऐवजी अर्जदाराचे नाव घालण्याबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरील अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज.
२) त्यांवर आपल्या कार्यालयाकडून आलेली दोन उत्तरे.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार आपणांस तिसऱ्यांदा तसदी देत आहे, त्याबद्दल प्रथम क्षमस्व. मागचे दोन्ही अर्ज त्रोटक होते. या वेळी जे घडले ते सर्व लिहिले आहे.

१. अर्जदार ही पाळीव प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानात अकरा वर्षे विक्रेती आहे. कुत्र्याला चघळायला काय द्यावे, हे विचारायला लोक डॉक्टरांच्या आधी तिच्याकडे येतात. उत्तर तिला तोंडपाठ आहे. वस्तूवर अंगठ्याचे नख दाबून पाहावे. खूण उमटली नाही तर ती दातांना जास्त कठीण समजावी. वस्तू कुत्र्याच्या तोंडात अख्खी मावता कामा नये. चघळून लहान झाली की काढून घ्यावी. आणि भट्टीत भाजून वाळवलेले हाड कोणी कितीही मागितले तरी देऊ नये, कारण ते चुरा होत नाही, त्याच्या टोकदार कपच्या निघतात. अशी हाडे दुकानात वरच्या फळीवर असत. दुकानाच्या मालकांनी ती आणली होती आणि ती खपत होती. अर्जदार शक्यतो गिऱ्हाईक दुसरीकडे वळवत असे.

२. दुकानासमोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर वेताच्या खुर्च्या विणणारे एक वृद्ध गृहस्थ एकटे राहतात. त्यांना दिसत नाही. सगळे त्यांना वेतकाका म्हणतात. त्यांच्याजवळ अंधांना वाट दाखवणारे कुत्रे देणाऱ्या केंद्राकडून मिळालेली वाटाड्या कुत्री होती. तिला ते ‘कारभारीण’ म्हणत, कारण घरातून कधी निघायचे, कुठे थांबायचे आणि कोणाशी किती वेळ बोलायचे हे सगळे तीच ठरवी. काकांचे बोलणे लांबले की ती उठून उभी राही आणि काका म्हणत, “चला, कारभारणीचा हुकूम झाला.”

३. एके दिवशी दुपारी तीनच्या सुमारास काका दुकानात आले. विणायला आलेल्या खुर्च्यांचे पाय कारभारीण कुरतडू लागली होती, म्हणून तिला चघळायला काहीतरी हवे होते. त्याच वेळी नवा माल आला होता. अर्जदार खोकी मोजत होती, हमाल घाई करत होता. तिने हाताला आले ते हाड वरच्या फळीवरून काढून काकांच्या हातात ठेवले. काकांनी ते बोटांनी सगळीकडून चाचपले.

“ताई, हे फार कठीण लागतंय. चालेल ना हिला?”

“चालेल काका. सगळे नेतात.”

अर्जदाराने पुन्हा खोक्यांकडे वळून, मागे न पाहता हे उत्तर दिले. तिने कुत्रीकडे पाहिले नाही, नखही दाबले नाही.

४. चौथ्या दिवशी कारभारीण गेली. तिच्या आतड्यात हाडाची कपची रुतली होती. आपल्या कार्यालयाच्या नोंदवहीत मृत्यूचे कारण ‘अयोग्य वस्तू खाऊ घातली’ व कारणीभूत व्यक्ती ‘मालक’ असे लिहिले गेले. काकांनी दाखवलेल्या जागी सही केली. ही नोंद पाहून केंद्राने त्यांना कळवले की, निष्काळजी मालकाला पुढील पाच वर्षे कुत्रा मिळणार नाही. काकांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. तेव्हापासून ते जिन्याखाली उतरेनासे झाले. हे सर्व अर्जदाराला त्यांच्या शेजारणीकडून कळले. शेजारीण मांजराचे खाद्य न्यायला आली होती आणि सहज सांगून गेली.

५. शेजारणीने सांगितले त्याच दिवशी दुपारी तीन वाजता अर्जदाराला काउंटरखालून चघळण्याचा आवाज आला. आधी दात घसरल्याचा, मग हाड फरशीवर आपटल्याचा, मग पुन्हा दातांचा. ती वाकली. खाली फक्त पोत्यांची सुतळी होती. दुसऱ्या दिवशी तसेच झाले, तिसऱ्या दिवशीही. दुकानमालक म्हणाले, “उंदीर असेल,” आणि त्यांनी पिंजरा लावला. त्यात काही सापडले नाही. अर्जदाराने वरची फळी रिकामी करून हाडे पोत्यात भरली आणि मागच्या खोलीत कुलूपबंद केली. आवाज काउंटरखालीच राहिला. गिऱ्हाइके समोर उभी असली तरी तो येतो. त्यांना ऐकू येत नाही. अर्जदाराला त्या वेळी सुटे पैसे मोजता येत नाहीत, हे मालकांच्या ध्यानात आले आहे.

६. पहिल्या अर्जात अर्जदाराने चूक आपली असल्याचे लिहून नोंद बदलण्याची विनंती केली. आपले उत्तर आले की, अर्जदार ही मालक नसल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे. दुसऱ्या अर्जात तिने स्वतःवर कारवाई मागितली. निरीक्षक साहेब आले, त्यांनी हाडांचे पाकीट उलटसुलट करून पाहिले आणि लेबल नियमाप्रमाणे असल्याचा शेरा दिला. अर्जदाराने त्यांना तीन वाजेपर्यंत थांबण्याची विनंती केली. ते म्हणाले, “बाई, लेबल ठीक आहे म्हणजे तुम्हीही ठीक आहात. घरी जाऊन आराम करा.” ते पावणेतीनला गेले.

७. तेव्हा कुत्रीच्या मालकाकडूनच तक्रार मिळवावी म्हणून अर्जदार जिना चढून काकांकडे गेली. खोलीत अर्धवट विणलेल्या तीन खुर्च्या होत्या. काका स्टुलावर बसून वेत ओढत होते, पण डावा पाय त्यांनी जमिनीपासून चार बोटे वर धरला होता. कारभारीण तिथे निजत असे. पाय थरथरू लागला की ते हाताने मांडीला आधार देत, पण खाली टेकवत नव्हते. अर्जदाराने उभ्यानेच सगळे सांगून टाकले : खोकी, हमाल, मागे न पाहता दिलेले उत्तर. काकांचे हात थांबले नाहीत.

“डॉक्टरांनी ती कपची माझ्या तळहातावर ठेवली होती,” ते म्हणाले. “मी लगेच ओळखली. ताई, माझं सगळं आयुष्य या बोटांवर गेलं. वेत कुठे मोडणार हे मला आधी कळतं. त्या दिवशीही कळलं होतं. तरी मी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात म्हणून बोटांचं ऐकलं नाही. मग तक्रार कोणाची करू?”

“माझी करा.”

“सही करण्याआधी मी नोंद दुसऱ्याकडून वाचून घेतली होती. कोणी फसवलं नाही मला. बरोबर लिहिलंय, म्हणून केली.”

अर्जदार काही बोलणार तोच काकांनी हात वर केला. तीन वाजले होते. स्टुलाखालून दात घसरल्याचा आवाज आला, मग हाड फरशीवर आपटल्याचा. काकांनी मान थोडी तिरकी केली.

“तुम्हालाही येतो ना ऐकू?” त्यांनी विचारले.

अर्जदार ‘हो’ म्हणाली. आवाज थांबल्यावर काकांनी चहा केला.

८. सबब विनंती की, ‘कारणीभूत व्यक्ती’ या रकान्यातील ‘मालक’ हा शब्द काढून तेथे अर्जदाराचे नाव लिहावे. ते शक्य नसल्यास दोघांची नावे लिहावीत. काकांनी एवढ्याला अखेर होकार दिला असून त्यांची सही सोबत आहे. विश्वासाने विचारणाऱ्या माणसाला निष्काळजी म्हणता येत नाही, असे केंद्रास कळवावे. यासाठी जी शिक्षा असेल ती अर्जदारास मान्य आहे. शिक्षेची तरतूदच नसल्यास तसेही लेखी कळवावे, म्हणजे ती कुठे मागायची ते तिला शोधता येईल.

९. उत्तरास विलंब होऊ नये, याचे कारण लिहिणे भाग आहे : काकांना वाट दाखवायला अर्जदार पुरी पडत नाही. गेल्या सोमवारपासून अर्जदार काकांना रोज सकाळी खाली उतरवते आणि चौकापर्यंत फिरवून आणते. तिने कोपर पुढे केला तर ते धरत नाहीत. डावा हात खाली सोडून, कुत्रीचा पट्टा धरल्यासारखी मूठ अर्धवट मिटून चालतात. काल कोपऱ्यावर अर्जदार आपल्याच विचारात होती आणि रस्त्यावर पाऊल टाकणार होती. काका तिच्या आधीच जागच्या जागी उभे राहिले. दुसऱ्याच क्षणी वळणावरून आवाज न करता एक गाडी अगदी जवळून गेली.

“काका, तुम्हाला कसं कळलं?” अर्जदाराने विचारले.

“मला कुठलं कळतंय,” ते म्हणाले. “ती थांबली.”

आपल्या दोन ओळींच्या उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,

(सही)
अर्जदार, विक्रेती

दिनांक : १९ जून

सोबत : १) डॉक्टरांच्या अहवालाची प्रत. २) केंद्राच्या पत्राची प्रत. ३) वेत विणणाऱ्या गृहस्थांचे संमतीपत्र, सहीसह.